पूर ओसरला की आपत्तीवाले काय करतात?

प्रश्न : आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी पुरात बोटी पाठवतो, मग बाकी वर्षभर त्याला काम काय असतं?

उत्तर : खरं काम तर पूर नसतानाच असतं हो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात आणि हा अधिकारी त्यांच्या हाताखाली पाटबंधारे, पोलिस, आरोग्य, महावितरण, तलाठी सगळ्यांना एका प्लॅनमध्ये बांधतो, तो स्वतः बोट चालवत नाही पण बोट कुठे आहे, इंजिन चालू होतं का, लाईफ जॅकेट किती, चालवणारा कोण, हे त्याला मे महिन्यातच माहीत पाहिजे. २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं गेली, जास्त लोक बसले होते. म्हणून बोटीत किती माणसं बसवायची हे आधी ठरवून गावाला सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पाणी दारात आल्यावर कोण ऐकणार!

दुसरं म्हणजे इशारा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. कोयनेतून विसर्ग वाढला की पाणी सांगलीला यायला वेळ लागतो, त्या वेळात म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि जनावरं आधी हलवायची, कारण जनावरं मागे राहिली की घरचा माणूस पण हलत नाही. पूर ओसरल्यावर पंचनामे, पाण्याची तपासणी, पुढच्या वर्षीच्या प्लॅनमधली दुरुस्ती.

तुमच्या गावाचा आराखडा ग्रामपंचायतीत मागून बघा, त्यातले फोन नंबर लागतात का ते पावसाआधी तपासा. जिल्ह्याचा कंट्रोल रूम १०७७ वर आहे.