कुणाच्या तरी आजोळी जाताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्राचीन वस्त्यांबद्दल आहेत. उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्यांची तयारी सुरू झाली असणार. मी अठरा वर्षं न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कला राहिले. त्या मातीवर माझा जीव आहे, म्हणून ही चारही पत्रं आज एकत्र घेते.

प्रश्न : मुलगी डेन्व्हरला असते. जूनमध्ये आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई (वय ७८) तिच्याकडे जातोय. मेसा व्हर्डे, चाको आणि कॅन्यन डी शे बघायचं ठरतंय. सासूबाई म्हणतात, देवाची जागा कुणाचीही असो, रिकाम्या हातानं जायचं नाही. त्यांनी उदबत्ती, हळदकुंकू बॅगेत भरलंसुद्धा. चालेल का? आणि एरवी काय सांभाळावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, सासूबाईंना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांची भावना अगदी खरी आहे. पण उदबत्ती आणि हळदकुंकू मुलीच्या देवघरातच राहू द्या.

याचं कारण त्यांना नीट समजावून सांगा, कारण नुसतं ‘तिकडे चालत नाही’ म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. या वस्त्यांमध्ये जमिनीत खोल उतरलेल्या गोल खोल्या दिसतात, त्यांना किवा म्हणतात. अनेक किवांच्या जमिनीत एक छोटंसं भोक असतं, सिपापू. आपले पूर्वज खालच्या जगातून या जगात वर आले, ती वाट म्हणजे सिपापू, अशी पुएब्लो लोकांची, म्हणजे या वस्त्या बांधणाऱ्यांच्या वंशजांची, श्रद्धा आहे. आजही त्यांच्या गावांत किवा आहेत, त्यात विधी होतात आणि बाहेरच्या माणसाला तिथे प्रवेश नसतो. म्हणजे ते दुसऱ्याचं देवघर झालं. आपण शेजाऱ्यांच्या देवघरात शिरून आपली पूजा मांडत नाही ना? चाकोमध्ये हे प्रत्यक्ष घडलंय. कासा रिंकोनादा नावाचा तिथे एक प्रचंड किवा आहे. लांबून आलेल्या भाविक पाहुण्यांनी त्यात आपापल्या पूजा सुरू केल्या, स्फटिक ठेवले, माणसांची राखसुद्धा टाकली. त्यांचा हेतू वाईट नसेलही. पण ज्यांचे पूर्वज तिथले, त्यांच्या दृष्टीनं जागा विटाळली. शेवटी १९९० च्या दशकात आत उतरणंच बंद करावं लागलं. आता काठावरून बघायचं. सासूबाईंना काठावरून हात जोडता येतील. त्याला कुणाची ना नाही.

मी स्वतः या जागांना मनात ‘आजोळ’ म्हणते. होपी, झुनी, आकोमा या पुएब्लो लोकांत कुळ आईकडून चालतं. कॅन्यन डी शे ही दरी आज ज्यांची आहे त्या शेजारच्या नवाहो लोकांतही तसंच. आईच्या आईच्या आईचं घर म्हणजे काय, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तिथे गेल्यावर आपण भिंतीवर चढत नाही, माळ्यावर काय ठेवलंय ते उचकत नाही, विचारल्याशिवाय फोटो काढत नाही. बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

आता जागांकडे वळू. मेसा व्हर्डेला क्लिफ पॅलेस बघाच. कड्याच्या कपारीत सुमारे दीडशे खोल्यांचं गाव आहे. खाली उतरायचं तर तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं, रेंजर सोबत असतो आणि शिड्या चढाव्या लागतात. बाल्कनी हाउसला तर ३२ फुटांची शिडी आहे आणि १८ इंच रुंदीच्या बोगद्यातून रांगत जावं लागतं. सासूबाईंना तिकडे नेऊ नका. क्लिफ पॅलेस समोरच्या कठड्यावरूनही पूर्ण दिसतो. दुपार कलली की कपारीत ऊन शिरतं आणि दगडांचा रंग गुळासारखा होतो. माझी आई तिथे तासभर बसून होती. जागा सात-आठ हजार फूट उंचीवर आहे, चार पावलांत दम लागतो. पहिल्या दिवशी घाई करू नका, पाणी भरपूर ठेवा.

तिथे सासूबाईंना एक हकिगत सांगा. १८९१ मध्ये नॉर्डेनशेल्ड नावाच्या तरुण स्वीडिश संशोधकानं इथे खोदकाम केलं आणि भांडीकुंडी, वस्त्रं, अगदी पुरलेली माणसंही खोक्यात घालून आगगाडीनं नेली. त्याला अडवलं होतं, पण त्याला रोखणारा कायदाच नव्हता, म्हणून सोडावं लागलं. तो संग्रह पुढे फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. त्यातले वीस जणांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तू २०२० मध्ये परत आल्या आणि त्यांच्या वंशजांनी त्या पुन्हा मातीत ठेवल्या. सव्वाशेहून जास्त वर्षं ती माणसं घराबाहेर होती.

चाकोचा शेवटचा तेरा मैलांचा रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला तर जाऊच नका. आत पेट्रोल नाही, खायला काही मिळत नाही. दशम्या, चटणी बांधून न्या. पण तिथला पुएब्लो बोनितो नावाचा प्रचंड वाडा बघताना माणूस गप्प होतो. सहाशेहून जास्त खोल्या, काही ठिकाणी चार मजले. साधारण ८५० ते ११५० या काळात पिढ्यान्‌पिढ्या बांधत नेलेल्या. भिंतींना टेकू नका, दगड चापून बसलेले दिसतात, पण आतली माती भुसभुशीत असते.

कॅन्यन डी शेला वरच्या रस्त्यानं स्वतःच्या गाडीनं फिरता येतं. दरीच्या तळाशी मात्र नवाहो वाटाड्यासोबतच जायचं, कारण तिथे आजही कुटुंबं राहतात, शेती करतात. आमचा वाटाड्या साठीचा होता. कपारीतल्या जुन्या घरांसमोर त्यानं जीप बरीच लांब उभी केली, इंजिन बंद केलं आणि त्या घरांबद्दल मोजकंच बोलला. गेलेल्या माणसांच्या जागेजवळ जाणं, त्यांच्याबद्दल बडबडणं नवाहो लोक टाळतात. आमच्यातल्या एकानं ‘इथे भुतं आहेत का’ विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही, पीचच्या झाडांकडे बोट केलं. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं या दरीतल्या पीचच्या बागा तोडल्या, उभी पिकं जाळली आणि लोकांना तीनशेहून जास्त मैल पायी चालवत नेऊन डांबलं. १८६८ च्या करारानंतर ते परत आले आणि त्यांनी पुन्हा झाडं लावली. ‘ही आजीची,’ एवढंच तो म्हणाला. त्या प्रश्नाची लाज मला आजही वाटते, मी विचारला नव्हता तरी.

आणखी दोन बारीक गोष्टी. नवाहो प्रदेशात दारूला बंदी आहे, डिकीतसुद्धा ठेवू नका. आणि उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ उरलेल्या ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, म्हणजे डेन्व्हरसारखंच. वाटाड्याची वेळ चुकवू नका.

प्रश्न : मराठी पुस्तकांत ‘अनासाझी’ ही रहस्यमय जमात अचानक नाहीशी झाली असं वाचलं होतं. तुम्ही मात्र मागच्या लेखात हा शब्दच वापरला नाहीत. का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : कारण ज्यांच्या पूर्वजांबद्दल आपण बोलतोय त्यांना तो आवडत नाही. शब्द नवाहो भाषेतला आहे, अर्थ ‘जुने परके’, ‘शत्रूंचे पूर्वज’ असा काहीसा. तुमच्या आजोबांना शेजाऱ्यानं ठेवलेल्या नावानं कुणी हाक मारली तर कसं वाटेल? होपी लोक ‘हिसात्सिनोम’ म्हणतात. आपण मराठीत ‘पुएब्लोंचे पूर्वज’ म्हणावं, अर्थ लगेच कळतो.

आणि ते नाहीसे झाले नाहीत हो. तेराव्या शतकाच्या शेवटी मोठा दुष्काळ पडला. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून तो १२७६ ते १२९९ असा मोजता आला आहे. दुष्काळाच्या जोडीला भांडणंही वाढली असावीत. लोक घरं सोडून दक्षिणेला, रिओ ग्रांदेच्या काठी, होपी, झुनी, आकोमाकडे गेले. वंशज आजही तिथेच राहतात. ताओस पुएब्लो या त्यांच्या गावात मातीची बहुमजली घरं अजून नांदती आहेत. दरवर्षी त्यांना माती आणि काडाचा नवा लेप देतात, आपल्याकडे दिवाळीआधी भिंती लिंपायचे तसा. मुलांना शिकवताना ‘रहस्य’ हा शब्द तेवढा गाळा.

प्रश्न : मी फिनिक्सजवळ एम.एस. करतोय. होपी गावांत मुखवट्यांची नृत्यं असतात असं कळलं. ड्रोन आणि चांगला कॅमेरा आहे, मराठीत व्हिडिओ करायचाय. परवानगी कशी काढू?
– एक विद्यार्थी, टेम्पी

उत्तर : बाळा, मराठीत सांगायची तुझी हौस मला आवडली. पण होपी गावांत फोटो, व्हिडिओ, आवाज टिपणं यांना मनाई आहे. कागदावर चित्रसुद्धा काढायचं नाही. ते विधी कात्सिनांचे आहेत. पाऊस घेऊन येणारे जीव म्हणजे कात्सिना, आणि त्या रखरखीत पठारावरचा मका पावसावरच जगतो. अनेक विधींना बाहेरच्यांना प्रवेशच नाही. तिथे परवानगीची खटपट करणं हाही त्रासच. ड्रोन तर राष्ट्रीय उद्यानांतही चालत नाही, घरीच ठेव.

त्यापेक्षा असं कर. २ सप्टेंबरला आकोमाचा सण असतो. उंच पठाराच्या माथ्यावरचं जुनं गाव, आणि त्या दिवशी पाहुण्यांना नृत्य बघता येतं. कॅमेरा गाडीतच ठेव. त्या दिवशीचे नियम आधी त्यांच्याकडून विचारून घे, ते बदलतात. नृत्य संपल्यावर टाळ्या वाजवू नकोस, आरती संपल्यावर आपण टाळ्या वाजवत नाही तसंच. कुणी घरात जेवायला बोलावलं तर जा. ओळख नसली तरी जा. जेव, आभार मान आणि उठ, मागे पंगत ताटकळत असते. मला अशाच एका घरात लाल मिरचीचा रस्सा आणि भट्टीतला पाव मिळाला होता. वाढणाऱ्या आजींनी माझ्या बांगड्या बघून माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ते कुठल्या कॅमेऱ्यात आलं असतं?

होपींकडेही जरूर जा, गावातल्या वाटाड्यासोबत. रस्त्याकडेला कुणी पिकी विकत असेल तर घे. निळ्या मक्याच्या पिठाचा हात तापलेल्या दगडावरून झरकन फिरवतात आणि मांड्याहून पातळ पापुद्रा सुटतो. त्याची गुंडाळी करतात. मांडे करणाऱ्या बाईचा हात ज्यानं पाहिलाय त्याला ती मेहनत कळेल. आणि कुणाहीकडून भांडं, दागिना घेताना घासाघीस करू नकोस. परवडत नसेल तर छान आहे म्हण आणि पुढे हो. व्हिडिओ करायचाच असेल तर घरी येऊन स्वतः कॅमेऱ्यासमोर बस आणि काय पाहिलंस, काय पाहायला मिळालं नाही, ते बोल. मी नक्की बघेन.

प्रश्न : सध्या मुलाकडे सॅन होजेला आलेय. नातवाच्या कपाटात खापराचा तुकडा सापडला. मागच्या वर्षी एका उद्यानातल्या जुन्या वस्तीतून उचलला म्हणाला. मुलगा म्हणतो, असे हजारो पडलेत. मला रात्री झोप लागत नाही. फेकून देऊ का?
– एक आजी, मूळच्या नाशिकच्या

उत्तर : आजी, फेकू नका. आणि नातवाला रागावू नका, कारण मीही हेच केलंय.

अल्बुकर्कला नवीन असताना एका टेकाडाच्या पायथ्याशी मला करड्या रंगाचं खापर मिळालं, अंगठ्याएवढं. मातीच्या वळ्या एकावर एक रचून बोटांनी चिमटे काढत ती भांडी घडवायचे, त्यामुळे बाहेरून खवल्यांसारखी नक्षी दिसते. मी ते खिशात घातलं. पुढे पुण्याला परतताना ते सामानात आलं आणि बरीच वर्षं शोकेसमध्ये गणपतीशेजारी राहिलं. पाहुण्यांना मी ते कौतुकानं दाखवायची. एकदा न्यू मेक्सिकोची जुनी मैत्रीण घरी आली, तिथलीच, कुंभारकाम करणाऱ्या घरातली. तिनं ते पाहिलं. काही बोलली नाही, चहा घेतला आणि जाताना हळूच म्हणाली, ‘ते भांडं अजून काम करतंय. फुटलं तरी जिथे पडलंय तिथे.’

त्या रात्री मलाही झोप नव्हती. खापर जागेवरून हललं की ते कुठल्या थरातलं, कशाशेजारचं, हे कायमचं पुसलं जातं, म्हणून स्वतः जाऊन कुठेतरी टाकून येणंही बरोबर नाही. सरकारी जमिनीवरून अशा वस्तू उचलणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे हे खरं, पण त्या भीतीनं कचऱ्यात टाकाल तर ते कायमचं गेलं. नातवाला शेजारी बसवा. कुठल्या उद्यानात, कुठल्या पायवाटेवर, कशाजवळ सापडलं, आठवेल तेवढं त्याच्या हातानं लिहू द्या. फोटो काढला असेल तर जोडा. त्या उद्यानाच्या कार्यालयाच्या नावानं पाठवा. अशी पाकिटं त्यांच्याकडे येत असतात. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये लोकांनी पत्रांसह परत केलेल्या दगडी लाकडाचा तर ढीगच आहे. मूळ जागा माहीत नाही, म्हणून ते तुकडे परत रानात ठेवता येत नाहीत.

माझं खापर मी भाचीबरोबर परत पाठवलं. गुंडाळण्याआधी एका चिमट्याच्या खुणेत अंगठा ठेवून पाहिला. तो मावला नाही. ज्या हातानं ते भांडं घडवलं तो माझ्याहून लहान होता, तुमच्या नातवाएवढा असेल.

जाड पाकीट घ्या, कापसात गुंडाळा आणि वर ‘नाजूक’ असं लिहा.