बॅटरी मंद आणि निळसर होते, पण डोकं गारच राहतं: एलईडी बदलण्याआधी काय तपासावं?

उसाला रात्री पाणी द्यायला तुम्ही वापरता ती अ‍ॅल्युमिनियमची, एका १८६५० सेलवर (चार्ज होणाऱ्या जाड लिथियम सेलवर) चालणारी बॅटरी पाच मिनिटांत मंद आणि निळसर होते, थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा चांगली लागते, आणि हातावर आपटली की उघडझाप करते. या सगळ्यात तिचं डोकं मात्र गार असतं. एलईडी गेला असेल तर नवा टाकू का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, एवढ्यात टाकू नका. मूळ दोष तसाच राहिला तर नवा एलईडीही याच वाटेने जाईल.

बॅटरी तापली की लोक घाबरतात, पण जोरात चालणारी एलईडी बॅटरी बाहेरून तापायलाच हवी. जुन्या बल्बची बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर समोर निघून जायची. एलईडीची तशी जात नाही. तीन अँपिअरवर चालणारा एलईडी साधारण १० वॅट खातो, आणि त्यातली निम्म्याहून जास्त शक्ती काही मिलिमीटरच्या तुकड्यात उष्णता होऊन बसते. तिला बाहेर पडायला एकच रस्ता असतो: एलईडीच्या बुडातून खालच्या प्लेटमध्ये, प्लेटमधून धातूच्या वाटीत, वाटीतून बॉडीत आणि तिथून हवेत. तुमच्या बॅटरीचं डोकं गार आणि उजेड निळा, म्हणजे हा रस्ता कुठेतरी तुटलाय. एलईडीवरचा पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या प्रकाशाचा पांढरा करणारा लेप, फार तापला की त्याचं काम मंदावतं आणि आतला मूळचा निळा प्रकाश जास्त दिसू लागतो. गार झाल्यावर रंग परत येतो, म्हणजे एलईडी अजून जिवंत आहे. त्या पिवळ्या चौकोनावर काळपट डाग किंवा तडा दिसला तर मात्र तो गेला. (काही चांगल्या बॅटऱ्या तापल्यावर मुद्दाम उजेड कमी करतात. पण त्यांची बॉडी तेव्हा चांगली गरम असते आणि रंग असा बदलत नाही.)

उघडझाप हा वेगळा दोष आहे आणि तो शोधायला सोपा आहे, म्हणून आधी तो घ्या. मागची टोपी काढा, सेल आतच राहू द्या. मल्टीमीटर १० अँपिअरवर लावा, लाल वायर त्याच्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला. एक टोक सेलच्या मागच्या बाजूला टेकवा, दुसरं नळीच्या कडेवर, जिथे धातू उघडा आहे तिथे. रंग चढवलेल्या भागातून वीज जात नाही. आता बॅटरी लागली आणि हलवूनही स्थिर राहिली, तर दोष टोपीत आहे. तरीही लुकलुकली तर डोक्याकडे बघायचं. एवढ्या एका चाचणीने निम्मं काम होतं.

टोपीत बहुतेक वेळा स्विच धरून ठेवणारी रिंग सैल झालेली असते. दोन भोकांत चिमट्याची टोकं अडकवून ती आवळा. नळीचे आणि टोपीचे आटे काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण वीज त्याच वाटेने परत येते. लूज कनेक्शन किरकोळ वाटतं, पण हिशोब करून बघा. एखाद्या सांध्यात ०.१ ओहम रोध वाढला तर तीन अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच पडतात आणि जवळपास एक वॅट उष्णता तिथेच तयार होते. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, एलईडीला लागतात ३.३ च्या आसपास. सेल थोडा उतरला की उजेडाला काही उरतच नाही. बारीक स्टीलची स्प्रिंग याच उष्णतेने मऊ पडते आणि दाब सोडते. स्प्रिंगच्या आतून मऊ तांब्याची वायर वरपासून खालपर्यंत सोल्डर करून टाका, फरक लगेच दिसेल.

डोक्याकडे ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला जाणारी वीज सांभाळणाऱ्या सर्किटची, गोल पट्टी वाटीत नुसती दाबून बसवलेली असते. तिची कड वाटीला दोन-तीन जागी सोल्डर करा. प्लेटकडे जाणाऱ्या वायरी ज्या भोकांतून येतात तिथे त्यांचं प्लास्टिक वितळलंय का ते पाहा. वितळलं असेल तर सिलिकॉनच्या आवरणाची वायर घाला, ती २०० अंश सहज सोसते. रिफ्लेक्टरचं बूड प्लेटवरच्या सोल्डरच्या गोळ्यांना टेकत असेल तर तिथे शॉर्ट होतो. मध्ये प्लास्टिकची रिंग हवीच.

आता तुमचा मुख्य दोष. स्वस्त बॅटऱ्यांत वाटी आतून पोकळ असते, प्लेट नुसत्या काठावर टेकलेली असते आणि खाली पांढऱ्या गोंदाचा गोळा. कधी तर काहीच नाही. प्लेट काढा. वायरींना सोल्डर करायचं असेल तर आत्ताच, प्लेट वाटीवर नसताना करा. वाटी उष्णता ओढून घेते आणि साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने नीट सोल्डर होत नाही. प्लेटचं बूड आणि वाटी काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, पोकळी असेल तर तांब्याचा तुकडा बसवा. मग कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती हीट सिंक पेस्ट, पोळीला तूप फासतात तितकीच पातळ. जाड थराने उलट अडथळा होतो. झटपट चिकटणारा गोंद खाली अजिबात नको. प्लेट रिफ्लेक्टरने किंवा स्क्रूने घट्ट दाबली गेली पाहिजे.

सेलच्या बाबतीत कडक राहा. आवरण फाटलेला, फुगलेला किंवा २.५ व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम सेल चार्ज करू नका, आणि सेलवर थेट सोल्डर कधीच नको. घरात प्लगला लावायची ४ व्होल्टची प्लास्टिकची चार्जिंग बॅटरी असेल, तर ती प्लगमध्ये असताना उघडू नका. तिच्यात बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे आतली प्रत्येक वायर २३० व्होल्टच्या लाईनला जोडलेली असते.

जोडून झाल्यावर फुल मोडवर पाच मिनिटं चालवा. एक-दोन मिनिटांत डोकं गरम लागू लागलं आणि रंग पांढराच राहिला, तर एलईडीला हात लावायची गरज नाही. डोकं गरम होऊनही उजेड निळसर असेल तर मात्र एलईडी बदला. नवा घेताना जुन्या प्लेटचा व्यास मोजून न्या, १६ आणि २० मिलिमीटरच्या प्लेटा सहज मिळतात. आणि ३ व्होल्टचाच मागा, कारण तसेच दिसणारे ६ आणि १२ व्होल्टचेही येतात आणि ते तुमच्या एका सेलवर लागणार नाहीत.