बाण कमी, आवाज स्वच्छ

चवथीनंतर फोंड्यातल्या बुद्धिबळ स्पर्धेचं थेट प्रक्षेपण तू करणार, हे ऐकून फार बरं वाटलं. २०२५चा फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) विश्वचषक गोव्यात झाला, तसे आपले गावातले डावही लोकांनी बघायला हवेत.

कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी आवाजाकडे बघ. चित्र थोडं अंधुक असलं तर चालून जातं, पण पंख्याच्या घरघरीत समालोचन बुडालं की माणूस उठलाच. कॉलरला लावायचा साधा माइक पुरे. मोबाइलचा फोकस आणि उजेड लॉक कर. नाहीतर खेळाडूचा हात पटावर आला की चित्र काळवंडतं.

बाणांचं मात्र नीट ऐक. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर माउसचं उजवं बटण दाबून ओढलं की पटावर हिरवा बाण येतो, शिफ्ट धरून लाल. मी धोका लालने दाखवतो, योजना हिरव्याने, आणि हा नेम मोडत नाही. एका वेळी दोनच बाण. आधी बोल, ‘घोडा एफ-५वर आला तर वजीर अडकतो’, मग बाण काढ, लगेच पूस. कोण किती वरचढ आहे हे सांगणारा संगणक-इंजिनाचा आकडा झाकून ठेव. तो दिसला की बघणारा स्वतः विचार करायचा थांबतो.

ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेपण उशिरा सोडायची सोय आहे. १५ मिनिटं ठेव, पंचांनाही सांग, म्हणजे खेळाडूला बाहेरून मदत मिळायची भीती कमी.

राउटरला यूपीएस लाव. गेल्या पावसात वीज गेली आणि हत्तींचा सुंदर अंतिम डाव माझ्या हातून निसटला, अजून हळहळतो. शनिवारी ये, एकदा रंगीत तालीम करू.