'मॅकडोनाल्ड्स ओपन'मध्ये खुलं काय होतं?

विचारणा अशी आहे : जुन्या क्रीडावृत्तांमध्ये 'मॅकडोनाल्ड्स ओपन' नावाच्या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचा उल्लेख सापडतो. पण तिच्यात संघ जेमतेम तीन-चार, आणि तेही आमंत्रण देऊन बोलावलेले. मग ती 'ओपन' कशी? मराठीत 'मॅकडोनाल्ड्स खुली बास्केटबॉल स्पर्धा' असं लिहावं का? पुढे तिचंच नाव 'मॅकडोनाल्ड्स चॅम्पियनशिप' झालं, तिथे 'अजिंक्यपद' चालेल का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. 'खुली' लिहू नका. नाव 'मॅकडोनाल्ड्स ओपन' असंच ठेवा आणि वर्णन करायची वेळ आली तर 'निमंत्रितांची स्पर्धा' म्हणा. हा शब्द आपल्याकडे चांगला रुळलेला आहे. कबड्डी-खोखोची पत्रकं पाहा, 'निमंत्रित संघांची स्पर्धा' हमखास दिसते.

मराठीत 'खुला' म्हटलं की 'अट नाही' हाच अर्थ पहिल्यांदा डोक्यात येतो. 'भव्य खुली बुद्धिबळ स्पर्धा' असा फ्लेक्स लागला की प्रवेश फी भरून कुणीही नाव नोंदवावं. 'खुला गट' म्हणजे वयाची वगैरे मर्यादा नाही. टेनिसच्या 'फ्रेंच खुल्या' स्पर्धेतही पात्रता फेरीतून अनोळखी खेळाडू वर येऊ शकतो, त्यामुळे तिथे 'खुली' खटकत नाही. (पुण्यात बालेवाडीला २०१८पासून काही वर्षं एटीपी या पुरुष टेनिसपटूंच्या संघटनेची स्पर्धा झाली, तिला मात्र सगळे 'महाराष्ट्र ओपन'च म्हणायचे. 'महाराष्ट्र खुली' म्हटलं असतं तर काय खुलं केलंय, असा प्रश्न आला असता.)

पण खेळांमधल्या 'ओपन'चा मूळ अर्थ वेगळा आहे. १८६०मध्ये स्कॉटलंडात प्रेस्टविकला गोल्फची स्पर्धा झाली, तेव्हा खेळायला आठ व्यावसायिक होते. पुढच्या वर्षी ती हौशी खेळाडूंनाही मोकळी झाली आणि तिथून 'द ओपन' हे नाव चालत आलं. टेनिसमध्ये हाच बदल व्हायला १९६८ उजाडावं लागलं. तोवर पैसे घेऊन खेळणाऱ्याला विम्बल्डनचं दार बंद होतं. रॉड लेव्हर १९६२ला विम्बल्डन जिंकून व्यावसायिक झाला, तो त्या स्पर्धेत परत उतरला थेट १९६८ला, आणि पुन्हा जिंकला. म्हणजे 'ओपन' या शब्दात मोडीत निघाली ती हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली भिंत. कुणीही यावं, असा त्याचा अर्थ नव्हता.

बास्केटबॉलमध्ये ही भिंत फारच जाड होती. जागतिक संघटना फिबा. तिच्या फ्रेंच नावातला शेवटचा शब्द 'अमातर', म्हणजे हौशी. एनबीए या अमेरिकेतल्या लीगचे खेळाडू व्यावसायिक, म्हणून त्यांना ऑलिंपिक नाही, विश्वचषक नाही. उलट सोव्हिएत संघातले खेळाडू कागदोपत्री सैन्यात नाहीतर आणखी कुठल्या सरकारी नोकरीत असायचे, आणि वर्षभर काम बास्केटबॉल खेळण्याचं. ते हौशी! 'हौस' हा शब्द मुळात अरबीतून आपल्याकडे आलेला, त्यात ओढ आहे, छंद आहे. पगारी सैनिकाच्या सरावाला 'हौस' म्हणायचं तर जीभ अडखळते. आपल्याकडेही 'भारतीय हौशी कबड्डी महासंघ' हे नाव आहेच, आणि त्याच कबड्डीत आज खेळाडूंवर कोटींच्या बोली लागतात.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर १९८७मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात पहिली मॅकडोनाल्ड्स ओपन झाली. एनबीएचे आयुक्त डेव्हिड स्टर्न आणि फिबाचे सरचिटणीस बोरिस स्टँकोविच यांनी जुळवून आणलेला हा प्रयोग. संघ तीन : मिलवॉकी बक्स, इटलीचा ट्रेसर मिलान आणि सोव्हिएत संघराज्याचा राष्ट्रीय संघ. एक एनबीएचा संघ, एक युरोपीय क्लब आणि एक अख्खा देश एकाच स्पर्धेत! बक्सनी सोव्हिएत संघाला १२७-१०० असं हरवलं. पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये लॅरी बर्डच्या बोस्टन सेल्टिक्सनी रेआल माद्रिदला नमवलं. तेव्हा रेआलकडून गाजलेला युगोस्लाव्ह खेळाडू द्राझेन पेत्रोविच खेळत होता. १९९३मध्ये मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाल्यावर स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूच्या करंडकाला त्याचं नाव दिलं गेलं.

एप्रिल १९८९मध्ये म्युनिकला फिबाची सभा भरली आणि ५६ विरुद्ध १३ मतांनी व्यावसायिकांना सगळ्या स्पर्धा मोकळ्या झाल्या. गंमत म्हणजे विरोधात मत देणाऱ्यांत अमेरिकेची हौशी संघटनाही होती. एनबीएवाले आले की आपलं महत्त्व संपणार, हे तिला कळत होतं. फिबाच्या नावातला 'हौशी' गळला, 'ए' तेवढा राहिला. 'बास्केटबॉल'ची पहिली दोन अक्षरं 'बीए', असं म्हणून त्याची सोय लावण्यात आली. शब्द काढायचा आणि अक्षर ठेवायचं, ही युक्ती आपल्या सरकारी खात्यांनाही सुचली नसती. तीनच वर्षांत बार्सिलोना ऑलिंपिकला एनबीएच्या ताऱ्यांचा अमेरिकी संघ, 'ड्रीम टीम', उतरला. त्यामुळे 'ओपन'चा खरा अर्थ १९८७ ते १९८९ या दोन वर्षांतला. तोच 'खुली'मध्ये हरवतो.

एनबीएच्या संघांची मक्तेदारी मात्र कधी मोडली नाही. नऊच्या नऊ वेळा विजेतेपद त्यांचंच. सगळ्यांत जवळ पोचला स्पेनचा जुवेंतुत : ऑक्टोबर १९९१, पॅरिस, अंतिम सामन्यात लॉस अँजेलिस लेकर्स ११६, जुवेंतुत ११४. सर्वोत्तम खेळाडू ठरला मॅजिक जॉन्सन. तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, ७ नोव्हेंबरला, आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं सांगून त्याने निवृत्ती जाहीर केली.

आता दुसरा प्रश्न. १९९५च्या लंडनच्या स्पर्धेपासून 'ओपन' जाऊन 'चॅम्पियनशिप' आलं. तोवर येणारा संघ एनबीएचा विजेताच असला पाहिजे असं नव्हतं, तसे ते पहिले बक्सही गतविजेते नव्हते. १९९५पासून एनबीएच्या गतविजेत्यालाच पाठवू लागले : ह्यूस्टन रॉकेट्स, मग १९९७ला पॅरिसमध्ये मायकेल जॉर्डनचे शिकागो बुल्स, १९९९ला मिलानमध्ये सॅन अँटोनियो स्पर्स. समोर ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका अशा इतर खंडांतले संघही येऊ लागले. शेवटच्या सामन्यात स्पर्सनी ब्राझीलच्या वास्को द गामाला १०३-६८ असं धुतलं आणि त्यानंतर ही स्पर्धा भरलीच नाही. या तीन वर्षांसाठी 'मॅकडोनाल्ड्स अजिंक्यपद स्पर्धा' खुशाल लिहा. 'अजिंक्य'चा शब्दशः अर्थ इतका चपखल बसलेली अजिंक्यपद स्पर्धा विरळाच! फक्त 'विश्व' किंवा 'जागतिक' जोडू नका, कारण जागतिक अजिंक्यपद तेव्हा फिबाचं वेगळं होतं आणि ते देशांमध्ये खेळलं जायचं. क्लबांसाठी फिबाचा 'आंतरखंडीय चषक'ही होता, मध्ये बंद पडून २०१३पासून पुन्हा सुरू झालेला. त्याचीही या स्पर्धेशी गल्लत नको.