शाळेत नागरिकशास्त्र शिकल्याने तरुण मुलं राजकारणात भाग घेतात का?

नुसतं पुस्तक शिकून नाही घेत. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा पेपर, त्यातलं राज्यशास्त्र बहुतेक शाळांत शेवटी घाईघाईत उरकतात. त्यातून मार्क मिळतात, बाकी काही नाही. पण प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण आमच्या एका सरांनी ते वेगळं शिकवलं आणि त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं.

मी अमळनेर तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही. नववीत असताना 15 ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर सर म्हणाले, आज ग्रामसभा आहे, मागे बसा, मतदार नाहीत म्हणून बोलू नका, जे घडेल ते वहीत लिहा. ग्रामसभा आम्ही सहावीत पाठ केलेली, पाहिली कोणीच नव्हती. मारुतीच्या पारासमोर सतरंजी अंथरलेली, त्यावर थोडी माणसं. गणपूर्तीला, म्हणजे सभा ग्राह्य धरायला, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी कमी ती संख्या लागते. तेवढी माणसं तिथे नव्हतीच. मागचं इतिवृत्त भरभर वाचलं गेलं, "मंजूर, मंजूर" झालं, सभा संपली.

संध्याकाळी पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आमच्या दारात. आई भाकरी थापत होती. हात पुसून तिने सही केली. कशावर केली विचारलं, तर तिला माहीत नव्हतं. ती ग्रामसभेची हजेरी होती! मी तसंच वहीत लिहिलं आणि सरांनी ते वर्गात वाचायला लावलं.

दोन दिवसांत गोष्ट काकांपर्यंत गेली. काका तेव्हाच्या पॅनलचे. म्हणाले, "तुले काय करनं शे? शाळामा शिकाले जास का राजकारन कराले?" सरांना वरून समज मिळाली, अभ्यासक्रमाबाहेर जाऊ नका. पुढच्या वर्षी ते काम कोणालाच दिलं नाही.

काका, ग्रामसभा अभ्यासक्रमातच होती. राजकारण घाण आहे म्हणून मुलांना लांब ठेवायचं, आणि निवडणूक आली की त्याच मुलांच्या हातात झेंडे देऊन मोटारसायकल रॅलीला पाठवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. रॅलीतल्या त्या पोरांना पंचायतीचं अंदाजपत्रक कुठे बघायला मिळतं हे कोणी सांगितलेलं नसतं.

मतदार झाल्यावर मी महिला सभेत उठले. ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते, आमच्याकडे कागदावर होत होती. घरोघर सह्या नकोत, रजिस्टर पारावरच राहील, एवढीच मागणी. माझ्या बाजूने ज्या मुली बोलल्या, त्या बहुतेक त्याच वर्गातल्या. त्यानंतरची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. गावात कुजबुज झाली, पण खोटी सही झाली नाही.

हे एका गावाचं आहे, हेही खरं. त्याच वर्गातली कितीतरी मुलं आज सुरतला किंवा पुण्याला कामाला आहेत. नाव गावच्या यादीत, माणूस तिकडे, एका दिवसाच्या मतदानासाठी रजा मिळत नाही. त्यांना शिकवण कमी पडली असं मी म्हणणार नाही. शहरात तर ग्रामसभाच नाही, तिथे काय करावं हे तिथल्यांनी सांगावं.

तुम्ही शिक्षक असाल तर वर्गाचा मॉनिटर स्वतः नेमू नका, मुलांना गुप्त मतदानाने निवडू द्या. सतरा पूर्ण झालेल्यांकडून नमुना 6, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरून घ्या, 2022 पासून तशी सोय आहे. आणि ग्रामसभेला न्याल तेव्हा तहकूब होऊन पुन्हा भरणाऱ्या सभेलाही न्या. तिला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे पाच-सात माणसांत ठराव होऊन जातात.