फ्लोटिंग घेऊ की फिक्स, विचारलंस म्हणून

बाळा,

तू पाठवलेले दोन्ही गिटारचे फोटो बघितले, एक फ्लोटिंग ब्रिजची, एक फिक्स ब्रिजची (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथं बसतात तो भाग). दोन्ही देखण्या आहेत, खरं दिसण्यावर जाऊ नको. सरळच सांगतो, तुझी ही पहिली इलेक्ट्रिक, आणि पुढची काही वर्षं हीच एक असणार, तेव्हा फिक्स ब्रिजची घे. का ते नीट सांगतो, नाहीतर माझ्या शब्दाखातर घेशील आणि मन त्या ट्रेमोलोच्या, म्हणजे ब्रिज हलवून सूर वर-खाली करायच्या दांडीतच अडकून राहील.

फ्लोटिंग ब्रिज बॉडीला घट्ट बसवलेला नसतो, दोन पोस्टवर नुसता धारेनं टेकलेला असतो. पुढनं सहा तारा ओढतात, मागच्या पोकळीतनं तीन-चार स्प्रिंगा उलट ओढतात, आणि या रस्सीखेचीत तो मधे तरंगत राहतो. 9 चा, म्हणजे बारीक तारांचा सेट नेहमीच्या स्टँडर्ड ट्यूनिंगला लावलास तर सहा तारांचा मिळून ताण जवळपास 38 किलो, 10 चा, म्हणजे जरा जाड तारांचा लावलास तर 46 च्या आसपास. म्हणजे नुसता सेट बदलला तरी तोल गेला, मागचं झाकण काढा, स्प्रिंगांचे स्क्रू पिळा, ट्यून करा, परत बघा ब्रिज सपाट आहे का. ट्यून पण एका फेरीत होत नाही बघ, जाड ई चढवून ए कडे गेलास की ई उतरते, ए करून डी कडे गेलास की मागच्या दोन्ही उतरतात, असं फिरत फिरत जागेवर आणावं लागतं. एकदा आणून नट (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तो भाग) लॉक केला की मात्र कितीही दांडी दाबा, सूर हलत नाही, ही त्याची खरी कमाल आहे. फ्लॉइड रोझ नावाच्या अमेरिकन गिटारवाल्यानं 1970 च्या दशकाच्या शेवटी हे लॉकिंग काढलं, 1979 ला पेटंट मिळालं, आणि त्याच्यामुळंच एडी व्हॅन हॅलेनसारखे रॉक गिटारवाले तारा पार लोंबेपर्यंत दांडी दाबून परत सुरात यायला लागले. त्याच्या आधी 1954 पासून फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर ट्रेमोलो होताच, खरं जोरात वापरला की ट्यूनिंग जायचं.

आता तुझ्या वाजवण्याकडं येऊ. तू मला पाठवतोस त्या क्लिपांमधे अर्धं मेटल आणि अर्धी निर्गुणी भजनं, आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची ती गायकी गिटारवर काढायचा तुझा नाद. तो मला फार आवडतो म्हणूनच एवढं लिहायला बसलो. मिरजेची सतार जवळनं बघितलीस ना, वाजवणारा बाजाची तार पडद्यावर ओढून मींड घेतो तेव्हा बाजूच्या चिकाऱ्या, म्हणजे मोकळ्या वाजणाऱ्या तारा, आपल्या सुरात तशाच वाजत राहतात, कारण घोडी जागची हलत नाही. फिक्स ब्रिजवर पण तसंच, बी ची तार दोन सूर वर ओढ, खाली मोकळी डी चालू ठेव, षड्ज हलणार नाही. फ्लोटिंगवर तीच तार ओढलीस की वाढलेल्या ताणानं अख्खा ब्रिज पुढं झुकतो आणि बाकीच्या पाचही तारा उतरतात. एकटी तार सोलोत वाजवताना हे कळत नाही, खाली षड्ज धरून मींड घेतोस तेव्हा कानाला बोचतं. आणि तू जाड ई उतरवून डी करतोस, सा-प-सा मोकळा मिळावा म्हणून, ते फिक्सवर एका खुंटीचं काम आहे. फ्लोटिंगवर ती एक तार सैल झाली की स्प्रिंगा जिंकतात, बाकीच्या चढतात, वर नट लॉक असेल तर 3 एमएमची एलन की शोधत बसा. दोन गाण्यांच्या मधे कोण थांबणार तुझ्यासाठी?

दुसरं, तुझा उजवा हात कुठं टेकतो ते बघ. मेटलचं पाम म्यूट, म्हणजे तळव्यानं तारांचा आवाज दाबायचं, करताना तू तळवा चांगला दाबून ब्रिजवर ठेवतोस. फिक्सला काही फरक पडत नाही, फ्लोटिंगला तेवढ्या दाबानं सूर वर जातो. सवयीनं हात हलका होतो, होत नाही असं नाही, खरं आत्ता तुझी ताकद लयीवर आणि मींडेवर खर्च व्हावी असं मला वाटतं.

आणि तार तुटली तर. गणपतीत मंडळापुढं कार्यक्रम, एक मराठी गाणं एक कन्नड, मधे श्वास घ्यायला वेळ नाही. फिक्सवर एक तार गेली तर पाचांवर गाणं निभावून नेता येतं. फ्लोटिंगवर एक गेली की उरलेल्या सगळ्या चढतात, हात खालीच घ्यायचा. दुसरी ट्यून केलेली गिटार बाजूला तयार असेल तर गोष्ट वेगळी.

पावसाळ्याचं पण धर. तुझं घर खानापूरकडं, जून ते सप्टेंबर भिंती सुद्धा ओल्या. लाकूड दमटपणानं हलतं, नेक जरा वाकली की फ्लोटिंगचा तोल पण सरकतो, आणि त्या बारक्या स्क्रूंना गंज धरतो.

तरी फ्लोटिंगला मी वाईट म्हणणार नाही. इंग्लिश गिटारवाला जेफ बेक ऐक. दांडी हलकी हातात धरून सूर वर खाली असा न्यायचा की गळ्यातनं आल्यासारखा वाटायचा, मींडेचा तो वेगळाच रस्ता आहे आणि गायकी काढणाऱ्याला भुरळ पडावी असाच आहे. तुझ्या कानात रात्रंदिवस तोच आवाज घुमत असेल तर फ्लोटिंगच घे, माझं ऐकू नको. फक्त स्वस्तातली घेऊ नको, 15-20 हजाराच्या गिटारवर बहुतेक वेळा धातू मऊ असतो, पोस्टवर टेकणारी धार झिजते आणि मग ब्रिज जागेवर परत येत नाही. दुकानात ट्यून करून घे, दांडी तारा सैल होईपर्यंत दाबून सोड, ट्यूनर बघ, मग वर ओढून सोड, परत बघ. सूर एकदा खाली आणि एकदा वर थांबत असेल तर ठेवून ये. लॉकच्या स्क्रूंची डोकी घासलेली नाहीत ना ते पण बघ, सेकंडहँड असेल तर नक्कीच.

मधला एक रस्ता आहे. साधा स्ट्रॅटसारखा ट्रेमोलो असलेली गिटार, मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीला पूर्ण टेकवायचा. दांडी खाली दाबता येते, वर ओढता येत नाही, आणि तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात. पूर्ण फिक्सच करायचा तर ब्रिजखालच्या आतल्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे मापानं बसवायचे, सुतार करून देतो, आणि उद्या मन बदललं तर काढता येतात. तू पाठवलेल्या दोनात अशी एकही नाही, खरं बजेट तेवढंच ठेवून तिसरी शोधायची तयारी असेल तर मला ही सगळ्यात जास्त पसंत पडेल.

पैसे देण्याआधी कळव. दुकानात मी पण येतो, ड्रॉप डी (जाड ई उतरवून डी) लावून, खाली षड्ज धरून तू भजन वाजव, आपण दोघं ऐकू.