आधी परात बघ, मग कॅटलॉग

ऑक्युपेशनल थेरपीला (म्हणजे पेशंटला रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करायला) लागलीस, छान. पण लगेच कॅटलॉगमधल्या साधनांच्या महागड्या किटच्या मागं लागू नकोस. पुस्तकातला पेशंट काट्या-चमच्यानं जेवतो, आपल्या लातूर-बीडचा मांडी घालून ज्वारीची भाकरी मोडतो. एका हातानं मोडून बघ एकदा.

माझ्या पिशवीत वेल्क्रो, कात्री, सायकलची जुनी ट्यूब आणि फोमची नळी कायम असते. पकड कमजोर असेल तर चमच्याच्या दांड्यावर नळी चढव, जाड दांडा कमी जोरात धरता येतो. बोटं मिटतच नसतील तर तळहाताभोवती पट्टा आणि त्यात चमच्यापुरता खिसा. शिवताना कडा आत घे. माझ्या पहिल्या पट्ट्यानं एका आजोबांचा तळवा सोलला होता. हाताला संवेदनाच नव्हती, त्यांना कळलंही नाही. परातीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही, अर्धांगवायू झालेली बाईसुद्धा एका हातानं पीठ मळते. (थापणं मात्र अवघडच.)

व्हीलचेअर-कुबड्यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे, 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी हे साहित्य बनवते. खुर्ची लिहून देण्याआधी घरी जाऊन उंबरा आणि संडासाचं दार मोजून ये.